राग माझा, तक्रार त्यांची

३१ मार्च, सोमवार

काल पाडव्याच्या कार्यक्रमात मी माझ्या लेकीचे, रेवाचे, वाभाडे काढले. श्रीखंडाची वाटी हातात धरून, अगदी मन लावून काढले.

शुक्रवारी तिच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गणपती आला. लंडनच्या विमानतळावर, इमिग्रेशनच्या रांगेत, हातात मोदकांचा डबा. काउंटरमागे रेवा – टाय लावून, केस चापून बसवून. 'येण्याचं कारण?' 'दरवर्षीच येतो.' 'परत जाण्याचा पुरावा?' 'मला बुडवतात.' 'कोण बुडवतात?' 'ज्यांनी बोलावलं, तेच.' मग फोटो काढायचा. 'चेहऱ्यापुढचं जरा बाजूला करा.' देव बिचारा सोंड डावीकडे नेतो, उजवीकडे नेतो. शेवटी ही बाई शिक्का खाली ठेवते आणि म्हणते, 'नियमात बसत नाही. आणि उंदराला वेगळा व्हिसा लागेल.'

मी हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवलं – देवाला रांगेत उभं केलं कार्टीने! टाय लावून! बापाचं नाव काढलं! लीलावतीबाईंनी लगेच सूर धरला. त्या इंद्रनीलच्या आई, नागपूरहून थोड्या दिवसांसाठी आल्या आहेत. 'तुमची पोरगी निदान टीव्हीत तरी दिसते ताई. आमचा पोट्टा दिवसभर पांढरी टोपी घालून गोळ्यांच्या मशिनीपुढे उभा राहते, अन् घरी आला का मोबाइलात मुंडकं.' मी म्हटलं, निदान गोळीने कोणाचा ताप तरी उतरतो, हिच्यामुळे चढतो. त्या आणखी पुढे गेल्या, मी त्यांच्यापुढे. फार मजा आली. आपल्या पोरांना चारचौघांत चांगलं म्हणायचं नसतं, एवढं कळणारं कोणीतरी फार दिवसांनी भेटलं. 'आमची अमुक, आमचा तमुक' करत फिरणाऱ्या आया मला डोळ्यांसमोर नकोत.

नंतर इंद्रनील जवळ आला. इथे आयर्लंडमध्ये आमच्या स्लायगोच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, औषधांच्या प्लांटमध्ये इंजिनियर, सज्जन मुलगा. खाली वाकून, हळू आवाजात – 'काकू, तुम्हाला खरंच इतका त्रास झाला?'

'त्रास? रक्त आटवलं हिने माझं!'

त्याने मान हलवली. फारच गंभीरपणे. श्रीखंड जरा आंबट झालं होतं, त्यामुळे असेल.

३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी रेवाचा फोन. गुरुवारचा ठरलेला. शुक्रवारी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, म्हणून आदल्या दिवशी ती मला सगळं वाचून दाखवते. मी फोन कानाशी धरून भाजी निवडते. ती इंग्रजीत वाचते, मी मराठीत शिव्या देते. तिला मराठी सगळं कळतं, बोलत एक अक्षर नाही, वाचता तर मुळीच येत नाही. म्हणून तर ही वही मराठीत! इंग्रजीत लिहिलेलं काहीही या घरातून चोरीला जातं.

मी काय म्हणते यावर तिचं सगळं ठरतं. मी गप्प बसले की तो विनोद ती काढून टाकते. मी 'श्शी!' म्हटलं की ठेवते. एका पेपरच्या मुलाखतीत सांगितलंसुद्धा मेलीने – 'माझी सर्वांत कडक संपादक स्लायगोत राहते आणि ती एकदाही हसलेली नाही.' शेजारच्या नोरीनने ते कात्रण फ्रिजवर लावलं आहे. तिच्या फ्रिजवर. माझ्या नाही.

पस्तीस वर्षं या गावात मी गणित शिकवलं. माझी मुलगी अठराव्या वर्षी इंग्लंडला गेली ती संख्याशास्त्र शिकायला. दुसऱ्या वर्षी कळलं, संध्याकाळी एका पबच्या वरच्या खोलीत उभी राहून प्राध्यापकांच्या नकला करते. तिचा डॉक्टर बाप, उपेंद्र, गुपचूप जाऊन बघून आला होता. मला म्हणाला, 'बरं बोलते.' बस, एवढंच. मग रेडिओवर लिहायला लागली, मग टीव्ही. खोटी तज्ज्ञ बनून खऱ्या लोकांच्या मुलाखती घ्यायची. एका खासदाराला तिने विचारलं होतं – आयरिश समुद्रात एकेरी वाहतूक करावी का? जहाजांनी इकडून तिकडे जावं, परत येऊ नये. तो म्हणाला, 'हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं.' दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरात तो!

बक्षीस मिळालं की तिकडचे पेपर तिला 'ब्रिटिश विनोदकार' म्हणतात. इथले 'स्लायगोची लेक' म्हणतात. नागपूरची माझी बहीण विद्या 'आपली मराठी मुलगी' म्हणून फोनवर ओरडते. आणि कोणी खवळलं की तीच रेवा तिकडे 'आयरिश', इथे 'इंडियन' आणि नागपुरात 'तिकडची' होते.

आता फिल्म. तिची पहिली. तीन वर्षं लिहीत होती, तिचा कार्यक्रम दाखवणारा चॅनलच पैसे घालणार, जूनमध्ये शूटिंग. कशावर आहे ते सांगत नाही. 'तुला समोर बसवून वाचून दाखवीन आई, फोनवर नाही.' म्हटलं, मला नको तुझी फिल्म. हसली.

१० एप्रिल, गुरुवार

फोन आला नाही.

१३ एप्रिल, रविवार

शेवटी मीच केला. उचलला, पण आवाज असा की जणू मी वीज कंपनीतून बोलते आहे.

म्हणाली, चॅनलकडे तक्रार आली आहे. गणपतीबद्दल. मंडळाच्या नावाने, भरपूर सह्यांची. अशा तक्रारी येतातच, त्यांच्या वकिलाकडे एक कपाट भरून आहेत. पण हिच्यात एक वाक्य आहे – 'कलाकाराच्या वृद्ध मातोश्रींनाही यामुळे तीव्र मानसिक क्लेश झाले असून, त्यांनी ते आमच्याजवळ जाहीरपणे बोलून दाखवले आहेत.'

वृद्ध! मातोश्री!

चॅनलवाले घाबरले. बाहेरच्यांना राग आला तर त्यांना चालतं, पण खुद्द आईच दुखावली हे पेपरात गेलं तर वाईट दिसतं. म्हणून तक्रार समितीचा निकाल लागेपर्यंत फिल्म थांबवली आहे. शूटिंगची जागा सोडून दिली. नट मोकळे केले.

'मला सांगायचंस ना आई,' म्हणाली. 'इतकी वर्षं वाचून दाखवते. एकदा तरी म्हणायचंस, रेवा, खरंच लागतंय.'

मी म्हटलं, अगं, कोण म्हणालं लागतंय?

'तू. हॉलमध्ये. सगळ्यांसमोर. तारीख दिली आहे त्यांनी.'

आणि फोन ठेवला. माझ्यावर! वाक्य पूर्ण होऊ न देता!

१४ एप्रिल, सोमवार

इंद्रनीलच्या घरी गेले. फोन न करता. इथे असं जायचं नसतं. गेले.

दार स्वरालीने उघडलं, त्याच्या बायकोने. माझा चेहरा बघून ती सरळ चहा टाकायलाच वळली. इंद्रनील घरून काम करत होता, गळ्यात हेडफोन. म्हटलं, मी तुला सही दिली होती?

'नाही काकू. पण तुम्ही रडकुंडीला आला होतात –'

'मी?'

'रक्त आटवलं म्हणालात. बापाचं नाव काढलं म्हणालात. आम्हाला सगळ्यांना इतकं वाईट वाटलं. तुम्ही एकट्या राहता, मुलगी परदेशात –'

'परदेशात तर मी राहते!'

लीलावतीबाई आतून पोळपाट-लाटणं घेऊनच बाहेर आल्या. 'काय केलं रे तू?' त्याने सांगितलं. बाईंनी लाटणं त्याच्यावर रोखलं. मग म्हणाल्या, 'अरे बावळ्या, मी तुले रोज लोकांपुढे गधडा म्हणतो, मंग माझीबी तक्रार करून देशील का तुह्या कंपनीत? का आईले लय त्रास आहे, याले काढून टाका म्हणून?'

स्वराली ओट्याकडे तोंड करून हसत होती. पाठ हलत होती तिची.

इंद्रनील नाही हसला. आणि त्याने जे सांगितलं ते मी इथे लिहून ठेवते, कारण ते खोटं नाही. म्हणाला, 'काकू, तुमच्या रेवाताईंचा जोक इमिग्रेशनवाल्यांवर होता, मला कळतं. पण माझ्या यशोधनच्या वर्गातल्या पोरांना तेवढं कळत नाही. त्याला आठवडाभर नाकापुढे हात लावून चिडवत होते. तो आता डब्यात पोळी नेत नाही. ते मी कोणाला सांगू?'

मी म्हटलं, मुलांना चिडवायला टीव्ही लागत नाही, माझ्या वर्गात तर फूटपट्टीसुद्धा पुरायची. पण कप खाली ठेवला. म्हटलं, मग तुझ्या मुलाचं नाव घालायचंस. तुझा राग घालायचास. तो खरा होता. माझा का घेतलास?

तो म्हणाला, 'तुमचा जास्त चालला असता.'

खरं बोलला. म्हणून त्याच्यावर पुरतं चिडताही येईना, हा आणखी एक मनस्ताप!

तक्रार मागे घेतो म्हणाला. मागे घेतलीच. पण संध्याकाळीच चॅनलचं उत्तर आलं की प्रक्रिया सुरू झाली आहे, आता थांबत नाही. मातोश्रींनी स्वतः समितीपुढे बोलावं.

१५ एप्रिल, मंगळवार

शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन केला. एके काळची माझीच विद्यार्थिनी, अपूर्णांकांत कच्ची. यशोधनबद्दल बोलले. 'लक्ष घालते, मिस.' म्हटलं, लक्ष नको घालूस, वर्गात जाऊन उभी राहा. हो म्हणाली.

याचा बाकीच्याशी संबंध नाही. हे वेगळं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

नोरीन ब्राउन ब्रेड घेऊन आली. चाळीस वर्षं झाली, तिच्यासाठी मी पॅडी. पद्मजाचं पहिल्याच दिवशी पॅडी केलं आणि मला वाटलं हा अपमान आहे! नंतर कळलं, इथे अर्ध्या पुरुषांचं तेच नाव आहे. मग तर खात्रीच झाली.

सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, 'तुला आठवतं, रेवाने बिशप केला होता तेव्हा?' आठवतं तर! उंच टोपी घालून, गावातल्या पार्किंगच्या जागा कोणी किती पाप केलं त्याप्रमाणे वाटून देणारा बिशप. 'मी संतापले होते, पॅडी. वर्षभर संतापलेली होते.'

'पण तू तर ब्रेड आणत होतीस.'

'हो मग? संतापून आणत होते.'

दर शुक्रवारी कार्यक्रमही बघायची म्हणे. पुन्हा संतापायला.

२३ एप्रिल, बुधवार

चॅनलच्या एका माणसाचा व्हिडिओ कॉल. कोवळं पोर. मागे भिंतीवर बक्षिसं, हातात हिरव्या रंगाचं काहीतरी पेय. मला म्हणतो, 'तुम्ही फक्त एवढंच सांगा की मला अजिबात वाईट वाटलं नाही. की सगळं छान आहे. पाच मिनिटांत संपेल.'

मी म्हटलं, पण मला राग आला होता.

तो म्हणाला, 'ते सांगायची गरज नाही.'

'मला खोटं बोलायला सांगतोस?'

'छे छे. फक्त सोपं बोलायला.'

मी नागपूरला नन्सकडे शिकले. आमच्या सिस्टर बेनेडिक्टा याच आयर्लंडच्या, मेयोच्या. मी पुटपुटले की म्हणायच्या, 'मोठ्याने बोल मुली, देव बहिरा नाही पण मागचा बाक आहे.' त्यांच्यामुळे तर मी उपेंद्रला स्लायगोला हो म्हटलं. मला वाटलं हा देश सगळा सिस्टर बेनेडिक्टांचाच असेल. नाही निघाला. पण सोपं बोलायला मी त्यांच्याकडे शिकले नाही आणि या पोराकडेही शिकणार नाही.

म्हणजे पंचाईत अशी – राग आला म्हणाले, तर रेवाची फिल्म गेली. नाही आला म्हणाले, तर मी खोटारडी. आणि रेवा? तिचा एक शब्द नाही. मी आईपण वापरावं असं तिला वाटतं की नाही, तेही सांगत नाही. बापावर गेली आहे. तोही असाच ऐन वेळी मुका व्हायचा.

२६ एप्रिल, शनिवार

रेवाला मेसेज केला – जेवतेस का?

उत्तर – हो.

हे संभाषण!

२९ एप्रिल, मंगळवार

झालं. सकाळी झालं. हात अजून गरम आहेत.

कोशाची साडी नेसले. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, खाली दोन शब्दकोश, नाहीतर नुसती हनुवटी दिसते. पडद्यावर तीन जण. मधली बाई अध्यक्ष, चष्मा, गोड आवाज. कोपऱ्यातल्या चौकोनात रेवा, कॅमेरा बंद, नुसतं नाव.

बाई म्हणाली, 'आपल्याला हा प्रसंग पाहून क्लेश झाले का?'

म्हटलं, राग आला. क्लेश हा शब्द माझा नाही.

'म्हणजे आपण दुखावलात.'

'हो. दर आठवड्याला दुखावते. ती चौदा वर्षांची होती तेव्हापासून. तिने माझी नक्कल केली होती, पालकसभेत, माझ्याच शाळेत.'

बाजूचा माणूस काहीतरी लिहायला लागला.

'मग आपली इच्छा आहे की तक्रार मान्य व्हावी?'

'अजिबात नाही.'

बाईंनी चष्मा काढला. 'क्षमा करा. आपण दुखावलात, की नाही दुखावलात? आमच्याकडे दोनच पर्याय आहेत.'

'मग तिसरा करा,' मी म्हटलं. 'मी दुखावले आणि हे थांबवायचं नाही. एवढं कठीण नाही ते. आमच्या गणितात नववीत शिकवतात.'

मग मी बोलले. आता जसं आठवतं तसं –

राग माझा आहे. मी तो कोणाला वापरायला दिला नव्हता. मंडळाने घेतला, कारण माझा जास्त चालतो. आता तुम्ही घेताय, कारण तुम्हाला फिल्म थांबवायला कारण पाहिजे. माझ्या मुलीने मला राग आणला, तर तो मी तिच्यावर काढीन. रोज काढते. फोनवर काढते, हॉलमध्ये काढते. तिला शिव्या घालायचा हक्क मी मिळवलेला आहे. तिला गप्प करायचा हक्क मला त्यातून मिळत नाही – आणि मला मिळत नसेल, तर माझ्या नावावर तुम्हाला कुठून मिळाला? तुम्ही तिचा कार्यक्रम इतकी वर्षं दाखवलात, तो कोणाला राग यावा म्हणूनच ना? की फक्त खासदारांना आलेला चालतो?

आणि मी वृद्ध नाही. निवृत्त आहे.

बाई म्हणाल्या, 'धन्यवाद. फार स्पष्ट होतं.' त्यांच्या मनात ते चांगलं होतं की वाईट, कळलं नाही.

रेवाचा चौकोन शेवटपर्यंत काळा. पण बंद होताना एकदम आवाज आला. कोणीतरी नाक शिंकरलं.

१ मे, गुरुवार

तक्रार फेटाळली. फिल्म पुढे जाणार. चॅनलच्या पोराचा मेसेज, खाली टाळ्यांची चित्रं. उत्तर दिलं नाही.

लीलावतीबाईंचा फोन. 'ताई, तुम्ही त्या गोऱ्या बाईले बरोबर हाणलं म्हणे!' त्यांना कोणी सांगितलं? इंद्रनीलने. त्याला रेवाने. म्हणजे ती त्याच्याशी बोलते. यशोधनशी बोलायचं म्हणून तिनेच फोन केला होता म्हणे. काय बोलली ते यशोधन कोणाला सांगत नाही, पण पोळी न्यायला लागला आहे.

माझ्याशी अजून बोललेली नाही.

५ मे, सोमवार

बँक हॉलिडे. रेवा आली.

दुपारी गाडी दारात. वाळली आहे. मला मिठी मारली, मी म्हटलं, आधी हात धू. जेवली. वरण-भात दोनदा घेतला. मग म्हणाली, 'आई, बस. वाचून दाखवते.' म्हटलं, आता कशाला, जिंकलो ना आपण? म्हणाली, 'म्हणूनच. तू न वाचता लढलीस. मला झोप नाही त्या दिवसापासून.'

मी सोफ्यावर, ती खोलीच्या मध्ये उभी. सगळ्यांची कामं एकटीने करते. इंग्रजीत, पण मी मराठीतच ऐकत होते.

आयर्लंडमधलं एक लहान गाव. भारतातला डॉक्टर गेला. इथल्या रीतीप्रमाणे त्याला घरी आणलं आहे, गाव भेटायला येतं, बाहेर पाऊस. आणि त्याची बायको दारात उभी राहून प्रत्येकाला सांगते – बूट काढा.

मला तिथेच कळलं.

सगळा गाव बूट काढतो. पाद्री काढतो. मोठमोठे पुरुष एका पायावर नाचत लेस सोडतात. मग शवपेटी उचलायला काळ्या कोटातली माणसं येतात, आणि ती बाई त्यांनाही – बूट! मोजे घातलेली ती माणसं पॉलिश केलेल्या लाकडी जमिनीवर पेटी घेऊन घसरतात. एकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला आहे. आणि ती ओरडते, 'उजवीकडे! तुमचं उजवं नाही, माझं उजवं!'

मी ओरडले होते. हुबेहूब. नोरीनचा नवरा पडद्याला धरून उभा राहिला म्हणून पेटी वाचली. रेवाने त्याचं सोंग केलं तेव्हा माझ्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. हसू होतं. मी ओळखलं.

मग सगळे गेले. दारात बुटांचा एक जोड उरला. काळा, मोठा. बाई डायरी काढून एकेकाला फोन करते. 'गुड इव्हनिंग. तुमच्या पायात तुमचेच बूट आहेत ना?' पाद्र्याला करते. बँकेच्या मॅनेजरला करते. प्रत्येक जण खाली बघतो आणि म्हणतो, हो बाई, माझेच. ती चिडते. कोणीतरी अनवाणी गेलाय आणि सांगत नाही! शेवटी जोड उचलते, उलटा करते. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली.

मग बाई तो जोड जिन्याखाली नेऊन ठेवते, त्याच्या जागी. फोनची डायरी बंद करते. मुलगी जिन्यावर बसलेली.

रेवा थांबली. मला वाटलं होतं त्या दिवशी कोणी पाहिलं नाही.

चार वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नाही. वहीलासुद्धा नाही. उपेंद्रचे बूट मी ओळखले नाहीत. त्याचे बूट घेऊन मी अर्ध्या गावाला फोन केले. आणि आता हे सगळ्या इंग्लंडने, आयर्लंडने, नागपुरात विद्याने बघायचं. तिकीट काढून. हसायचं!

रेवा म्हणाली, 'चॅनलचं मी ऐकलं नसतं. पण तू थांब म्हणालीस तर थांबते आई. ही माझी एकटीची गोष्ट नाही.'

मी उठले. मागच्या अंगणात गेले, दोरीवर काहीही नसताना चिमटे गोळा करत राहिले. समितीपुढचं एकेक वाक्य आठवत होतं. काय छान बोलले होते मी! गोष्ट गणपतीची होती तोवर.



६ मे, मंगळवार

सकाळी रेवा बॅग भरत होती. दारात उभी राहून सांगितलं – लागलं. खरं लागलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी हे बंद पाडावं.

हातातला शर्ट तसाच धरून म्हणाली, 'काढते मग.'

'हात लावून बघ!' म्हटलं. 'त्यातलं एक वाक्य गळलं ना, तर या वेळी तक्रार मी स्वतः करीन. माझ्या सहीने.'